दुसरी टाकी

निळ्या सर्जन माशाच्या परांवर रव्याचे आठ-दहा दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. मासा मधूनच खडकाला अंग घासून जातो, पंपाच्या झोतासमोर जाऊन थांबतो, त्याचे कल्ले एरवीपेक्षा भराभर उघडझाप करतात. समुद्री माशांची टाकी असलेल्या घरात ही सकाळ कधी ना कधी येतेच. मग कोणी दुकानदाराला फोन करून टाकीत ओतायचं औषध विचारतं, कोणी ठिपके आलेला तेवढाच मासा बाहेर काढतं, आणि बरेच जण दोन दिवस वाट बघायचं ठरवतात. यातलं सगळंच मनाला पटण्यासारखं आहे, पण यातल्या कशानेही टाकी वाचत नाही. वाचवणारी गोष्ट एकच आहे: त्याच दिवशी, शक्य तर त्याच संध्याकाळी, एक दुसरी साधी टाकी उभी करायची आणि मुख्य टाकीतले झाडून सगळे मासे तिच्यात हलवायचे. असं का, हे त्या ठिपक्याचं आयुष्य समजून घेतलं की लक्षात येतं. दुसऱ्या टाकीत काय असावं आणि काय नसावं, याची उत्तरंही तिथेच मिळतात.

या रोगाचं कारण क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली तो घर करतो आणि तीन ते सात दिवस तिथेच खात, वाढत राहतो. आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे हा पोट भरत असलेला जीव. पुरेसा वाढला की तो मासा सोडतो, बहुधा अंधारात, दिवे लागण्याच्या आधी. तळाशी जाऊन काही तास सरपटतो आणि वाळूला, खडकाला किंवा काचेला चिकटून स्वतःभोवती कोष विणतो. त्या कोषात एकाचे दोन, दोनाचे चार असं विभाजन होत शेवटी शंभर-दोनशे पिल्लं तयार होतात. काही कोष तीन-चार दिवसांत फुटतात, काही तीन-चार आठवडे घेतात. प्रयोगशाळेत 72 दिवसांनी फुटलेल्या कोषाचीही नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो. नाही गाठला तर ते मरतं, कारण माशावाचून जगण्याची दुसरी सोय त्याच्याकडे नाही.

आता औषधाच्या बाजूने पाहू. माशाच्या कातडीखाली बसलेल्या जीवापर्यंत पाण्यातलं औषध पोहोचत नाही. कोषाचं कवच इतकं चिवट असतं की माशाला सोसेल एवढ्या मात्रेचं त्याच्यापुढे काही चालत नाही. औषध लागू पडतं ते कोषातून निघून माशाकडे पोहत जाणाऱ्या पिल्लावर, म्हणजे त्या सगळ्या आयुष्यातल्या एक-दोन दिवसांवर. म्हणून उपचार आठवडे चालतो, आणि म्हणूनच पहिल्या दोन दिवसांत ठिपके वाढले तर औषध कुचकामी आहे असं समजू नये. उलट, काहीच न करता तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके नाहीसे झाले तर आनंद मानू नये. त्या वेळी परजीवी माशावरून उतरून वाळूत गेलेला असतो आणि एकाचे दोनशे होण्याच्या कामाला लागलेला असतो. पुढच्या खेपेला मासा रव्याने माखल्यासारखा दिसतो, आणि ठिपके कातडीआधी कल्ल्यांवर भरलेले असल्यामुळे तो गुदमरून जातो.

समुद्रात हा परजीवी आहेच, पण तिथे त्याची साथ क्वचित उठते. उघड्या पाण्यात कोष एकीकडे पडतो, मासा दुसरीकडे निघून जातो, दोनशे पिल्लांतल्या एखाद्याला जेमतेम यजमान सापडतो. दोनशे लिटरच्या काचेच्या पेटीत मासा जाणार कुठे? तो त्याच कोपऱ्यात झोपतो जिथे काल रात्री कोष पडला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मत्स्यालयात काम करणाऱ्या ब्राऊन या संशोधक बाईंनी 1931 मध्ये समुद्री माशांच्या 'व्हेल्व्हेट' रोगाच्या जीवाला नाव दिलं आणि 1951 मध्ये पांढऱ्या ठिपक्याच्या जीवाला. दोन्ही जीवांची शास्त्रीय नावं मत्स्यालयातल्या कामातून आली, हा योगायोग नाही. माशाला आजार होतो हे खरं, पण आजाराला रोज नवं बळ टाकी देते. उपचार करायचा तर ही दोघं आधी वेगळी करायला हवीत.

पुणेकराला हे वेगळं समजावून सांगण्याची गरज नाही. 9 मार्च 2020 रोजी महाराष्ट्रातले करोनाचे पहिले दोन रुग्ण पुण्यात सापडले आणि ते डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर काही दिवसांतच 'निकटचे संपर्क' हा शब्द घराघरांत पोहोचला. ताप आलेल्याला वेगळं ठेवणं पुरेसं नव्हतं, त्याच्यासोबत प्रवास केलेल्या, त्याच्या घरात राहिलेल्या धडधाकट माणसालाही वेगळं ठेवावं लागत होतं. टाकीत तर प्रत्येक मासा चोवीस तास निकटचा संपर्क असतो. ज्याच्यावर ठिपका दिसत नाही त्याच्या कल्ल्यांत तो असू शकतो, आणि कल्ले आपल्याला दिसत नाहीत. शिवाय ठिपकेवाला एक मासा काढला आणि चार धडधाकट मासे आत राहिले, तर वाळूतल्या कोषांतून निघणाऱ्या पिल्लांना चार यजमान आयतेच मिळतात. टाकी स्वच्छ होण्याचा मार्ग एकच, आत मासा उरता कामा नये. म्हणून 'आजारी तेवढाच हलवतो' हा काटकसरीचा विचार शेवटी सगळ्यात महागात पडतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: एवढी उठाठेव करण्यापेक्षा औषध मुख्य टाकीतच का घालू नये? प्रवाळ नसतील तर काय बिघडतं? आपल्याकडे हा प्रश्न जास्तच रास्त वाटतो, कारण 2001 पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि घरच्या टाकीत जिवंत प्रवाळ ठेवणं कायद्याला धरून नाही. तेव्हा कायदा पाळणारी टाकी म्हणजे मासे, खडक, वाळू, चार गोगलगायी, एखादी कोळंबी. पण नेमके खडक आणि वाळूच आड येतात. पांढऱ्या ठिपक्यावर आणि व्हेल्व्हेटवर खात्रीचं औषध तांबं आहे. टाकीतला खडक आणि वाळू कॅल्शियम कार्बोनेटची असते आणि ती तांबं ओढून घेते. सकाळी मात्रा बरोबर घातली तरी संध्याकाळी पाण्यात ती निम्मीही उरलेली नसते. पुन्हा घातली तर कधी एकदम जास्त होते. खडकात मुरलेलं तांबं पुढे पाण्याचं आम्लपण बदललं की हळूहळू परत सुटतं. गोगलगायी आणि कोळंब्या माशांना चालणाऱ्या मात्रेतच मरतात, खडकातले असंख्य बारीक किडेही मरतात, आणि ते कुजून अमोनिया वाढतो तो वेगळाच. म्हणजे एका आजारासाठी टाकी घडवणारं सगळं पणाला लावायचं आणि औषधाची मात्रा तरीही हाती राहत नाही. उघड्याबोडक्या पेटीत यातलं काहीच घडत नाही. तिथे जेवढं घातलं तेवढं पाण्यात राहतं आणि तपासणीत तेवढंच दिसतं.

दुसरी टाकी झटपट उभी राहते ती याच उघडेपणामुळे. मुख्य टाकी बसवायला महिने लागले होते, या आठवणीने लोक बिचकतात आणि शनिवार-रविवारची वाट बघतात. इथे बसवण्यासारखं काही नाहीच. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेची साधी टाकी काठोकाठ भरली तर 56 लिटर पाणी मावतं, वापरात 50 धरावं. दोन-तीन लहान माशांना ती पुरते. सर्जन मासा मोठा असेल तर शंभर लिटरचा खाण्यापिण्याच्या दर्जाचा प्लॅस्टिकचा टब बरा, तो रविवार पेठेत बोहरी आळीत अर्ध्या तासात मिळतो. वाळू नको, खडक नको, शंख-शिंपले तर मुळीच नकोत. माशाला लपायला जागा हवी, ती नळकाम सामानाच्या दुकानातले पीव्हीसीचे दोन-चार मोठे एल्बो देतात. ते धुऊन तळाशी ठेवले की झालं. सोबत एअर पंप, स्पंज फिल्टर, शंभर वॅटचा हीटर आणि थर्मामीटर. टब प्लॅस्टिकचा असेल तर हीटर त्याला टेकता कामा नये. भोकं पाडलेल्या पाइपाच्या तुकड्यात तो अडकवावा. वरून मच्छरदाणीची जाळी ताणून बांधावी, कारण नव्या जागी गेलेला मासा पहिल्या रात्री उडी मारतो. आणि पाणी भरून झालं की बाहेरून मार्करने पातळीची रेघ ओढावी. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. म्हणून रेघेखाली उतरलेली पातळी रोज गोड्या पाण्यानेच भरायची.

जागा निवडताना एक काळजी घ्यायला हवी. व्हेल्व्हेटचा जीव हवेतल्या बारीक तुषारांबरोबर जवळच्या टाकीत पोहोचू शकतो, हे प्रयोगात दिसून आलं आहे. त्यामुळे दुसरी टाकी मुख्य टाकीला खेटून ठेवू नये, शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवावी. गॅलरी मात्र नको. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दहाच्या खाली उतरतो. पन्नास लिटर पाणी हा हेलकावा माशासमोर जसाच्या तसा मांडतं. जाळी, पाइप, बादली यांचा वेगळा जोड ठेवावा आणि एका टाकीतला हात पुसल्याशिवाय दुसरीत घालू नये.

पाण्याचा प्रश्न पुण्यात खरोखर प्रश्न आहे. समुद्र घाटाखाली, दीडशे किलोमीटरच्या आसपास रस्त्याने दूर. अलिबागहून कॅन भरून आणावेत असं वाटतं, पण किनाऱ्यालगतचं पाणी गाळाचं असतं, पावसाळ्यात खाड्यांच्या गोड्या पाण्याने पातळ झालेलं असतं, आणि त्यातून काय काय सोबत येईल हे सांगता येत नाही. मिठागरातलं जाडं मीठ हाही पर्याय नव्हे. समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून साधारण 86 टक्के भरतात, उरलेल्यांत मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम येतात. मिठागरात मीठ धरताना यातलं बरंचसं मागच्या कडू पाण्यात राहून जातं. तेव्हा दुकानात मिळणारं समुद्री टाकीचं तयार मीठच हवं आणि त्याची एक पिशवी घरात नेहमी असायला हवी. घाईच्या वेळी उत्तम तोड अशी की निम्मं पाणी मुख्य टाकीतूनच घ्यायचं. त्याचं तापमान आणि खारटपणा माशाच्या ओळखीचा असतो, त्यामुळे माशाला सवय करत बसण्याचा वेळ वाचतो. उरलेलं निम्मं, म्हणजे पन्नास लिटरच्या टाकीसाठी पंचवीस लिटर, नवं करायचं. लिटरला साधारण 37 ग्रॅमप्रमाणे एक किलोला थोडं कमी मीठ लागतं. ते वेगळ्या बादलीत एअर पंप लावून विरघळवावं. मासे असलेल्या टाकीत मीठ कधीही ओतू नये. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघरचं पाणी शुद्ध होऊन नळाला येतं तेव्हा त्यात क्लोरिन असतो, तो हायपोच्या दोन-चार थेंबांनी जातो. टँकरवर किंवा बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांत स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणीच वापरलेलं बरं. आणि पुण्यात गुरुवारी पाणी बंद असण्याची घोषणा कधीही होते, शुक्रवारीही ते उशिरा आणि कमी दाबाने येतं; म्हणून उपचार चालू असताना वीस-तीस लिटर तयार खारं पाणी झाकून ठेवलेलंच असावं.

आजारी मुख्य टाकीचं पाणी नव्या टाकीत म्हणजे परजीवीही सोबत आलाच, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो बरोबर आहे. पण परजीवी तसाही माशाच्या अंगावर बसून येणारच आहे. दुसऱ्या टाकीत त्याला रोखणारं तांबं असतं, पहिल्या टाकीत ते नसतं, फरक एवढाच. मुख्य टाकीत मुरलेला स्पंज इकडे आणण्याबद्दलही हेच लागू. त्याच्यावर दोन-चार कोष असतील, पण त्यांतून निघणारी पिल्लं तांब्याच्या पाण्यात निघतील. त्या बदल्यात स्पंजासोबत येतात ते जिवाणू, ज्यांच्याशिवाय हा सगळा खटाटोप तिसऱ्या दिवशी कोसळतो.

कारण घाईने उभ्या केलेल्या टाकीत मासे बहुधा रोगाने नाही, अमोनियाने मरतात. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. मुरलेल्या टाकीत जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत ते नसतात. गोड्या पाण्याचे मासे पाळलेल्या माणसाला हा धोका कमी वाटतो, कारण आम्लता दर्शवणारा पीएच सातच्या आसपास असलेल्या पाण्यात एकूण अमोनियापैकी अर्धा टक्का जेमतेम विषारी रूपात असतो. समुद्री पाण्याचा पीएच 8.2 असतो आणि तिथे हाच वाटा पाच-सात टक्क्यांवर जातो, म्हणजे सुमारे दहापट. मुरलेला स्पंज मिळाला तरी पूर्ण विसंबू नये. तांब्याने जिवाणूंचं कामही काहीसं मंदावतं. खाणं थोडं द्यावं, पाच मिनिटांत न खाल्लेलं काढून टाकावं, अमोनिया रोज मोजावा आणि अर्धा मिलीग्रॅम दिसला की तिसरा हिस्सा पाणी बदलावं. बदलीच्या पाण्यात तांबं आधीच तेवढ्याच मात्रेत मिसळलेलं हवं. नाहीतर दर बदलासरशी मात्रा उतरते आणि परजीवीला नेमकी तेवढीच फट पुरते. अमोनिया बांधून ठेवणारी द्रव्यं आणि तांबं एकत्र वापरू नयेत. काही द्रव्यांमुळे तांब्याचं विषारीपण वाढतं.

प्राणवायूचा हिशेब पुण्यात मुंबईहून वेगळा आहे, आणि तो सहसा कोणी मांडत नाही. 26 अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे आठ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्री पाण्यात साडेसहाच्या थोडा वर. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे हवेचा दाब सहा टक्क्यांच्या आसपास कमी, म्हणून पाण्यात मुरणारा प्राणवायूही तेवढाच कमी. निरोगी माशाला हे जाणवत नाही. पण कल्ले परजीवींनी भरलेल्या माशाला एकेक टक्का महाग असतो. म्हणून बुडबुड्यांचा एक दगड स्पंजाव्यतिरिक्त हवा, पृष्ठभाग सतत ढवळता हवा, आणि वीज गेली तर चालणारा बॅटरीचा एअर पंप हाताशी हवा.

आता तांब्याविषयी. औषधातलं तांब्याचं मीठ म्हणजे आपलं मोरचूद. नाशिक-सांगलीचा द्राक्षबागायतदार केवड्यावर फवारायला एक टक्का बोर्डो मिश्रण करतो तेव्हा शंभर लिटरला एक किलो मोरचूद घालतो. माशाच्या टाकीत लागणारं मोकळं तांबं लिटरमागे 0.15 ते 0.20 मिलीग्रॅम. पन्नास लिटरला हिशेब केला तर सुमारे 39 मिलीग्रॅम मोरचूद, बोर्डोपेक्षा बारा हजार पटींहून पातळ. चिमटीत धरलेला खडा याच्या किती पट असेल याचा विचार करावा आणि शेतीच्या दुकानातून पुडी आणण्याचा मोह टाळावा. शेतीच्या मोरचुदात भेसळ किती आणि कशाची हे कळायला मार्ग नाही, शिवाय समुद्री पाण्यात साधं मोरचूद टिकत नाही. तांबं कार्बोनेट होऊन तळाशी बसतं. त्यासाठी मत्स्यालयाच्या औषधांत ते सायट्रिक आम्लाबरोबर किंवा दुसऱ्या रेणूत बांधून देतात. बांधलेल्या तांब्याची मात्रा मोकळ्यापेक्षा कितीतरी जास्त, लिटरमागे दोन ते अडीच मिलीग्रॅमच्या घरात असते. एका प्रकारचा आकडा दुसऱ्याला लावला तर एक तर रोग जात नाही नाहीतर मासा जातो. तेव्हा बाटलीवरचा प्रकार वाचायचा, त्याच प्रकाराला चालणारा तपासणी संच घ्यायचा आणि रोज मोजायचं. मात्रा एक-दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने चढवावी आणि एकदा चढली की किमान दोन आठवडे, सावधपणे तीन-चार आठवडे, एक दिवसही खाली येऊ देऊ नये. मोजण्याचं साधन नसताना तांबं घालणं म्हणजे डोळे मिटून इंजेक्शन देणं आहे, ते करू नये.

ठिपके म्हणजे दरवेळी हाच रोग असंही नाही. दाणे रव्याएवढे नसून अंगावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखी दिसत असेल, मासा उजेड टाळत असेल आणि धापा टाकत असेल तर तो व्हेल्व्हेट. त्याचा एक कोष 256 पिल्लांपर्यंत सोडतो आणि मासा एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. तिथे संध्याकाळची वाट बघणंही उशीर ठरतं. औषध तेच, तांबं. क्लाऊन माशाच्या अंगावरून कातडी सोलल्यासारखे बुळबुळीत पापुद्रे निघत असतील तर तो ब्रुकलिनेला. त्याला तांबं लागू पडत नाही, फॉर्मॅलिन लागतं आणि तेही मत्स्यालयासाठीच तयार केलेलं, उघड्या खिडकीशी, हातमोजे घालून. फक्त पांढरा ठिपका आहे याची खात्री असेल तर औषधाविनाही एक मार्ग आहे: दर तीन दिवसांनी मासा पूर्ण कोरड्या, स्वच्छ टाकीत नव्या पाण्यात हलवायचा, असं चार वेळा. परजीवी माशावरून उतरून कोषात शिरतो, तो फुटायच्या आत आपण टाकीच बदललेली असते. इथे मात्र जुनं पाणी आणि जुना स्पंज चालत नाही. खारटपणा निम्म्यावर आणण्याचाही उपाय आहे, पण व्हेल्व्हेट त्याला दाद देत नाही, आणि रोग ओळखण्यात चूक झाली तर हातचे तीन आठवडे जातात. शंका असेल तिथे तांबंच बरं.

पकडापकडीनेच मासा दगावेल, ही भीती खोटी नाही. पण दगावतो तो जाळी घेऊन अर्धा तास पाठलाग केल्यामुळे. मुख्य टाकीतलं पाणी बादल्यांत काढून पातळी एक तृतीयांशावर आणली, खडक हलकेच बाजूला केले, की मासा दोन मिनिटांत हाती येतो. काढलेलं पाणी नंतर परत भरता येतं. सर्जन माशाच्या शेपटीच्या बुडाशी वस्तऱ्यासारखा काटा असतो आणि तो जाळीत अडकतो, म्हणून त्याला प्लॅस्टिकच्या डब्यात घ्यावं. खाण्याला लसूण लावून देण्याचा सल्लाही हमखास मिळतो. रुसलेला मासा त्याने खायला लागत असेल तर वाईट काही नाही, पण माशाच्या पोटात गेलेला लसूण वाळूतल्या कोषाचं काय करणार? आणि 'आमचे ठिपके आपोआप गेले, परत आलेच नाहीत' असं सांगणारे लोक खरंच बोलत असतात. वाचलेल्या माशाला काही महिने टिकणारी प्रतिकारशक्ती येते, रोग कल्ल्यांत दबून राहतो आणि एक नवा मासा आणला, थंडीत हीटर बंद पडला, की पुन्हा उठतो. त्या टाकीत तो होताच.

मुख्य टाकी या काळात माशांविना चालू ठेवायची. पंप, दिवे, हीटर सगळं नेहमीसारखं, गोगलगायी-कोळंब्यांना चिमूटभर खाणं, आणि नवा मासा नाही म्हणजे नाही. किती दिवस? सहा आठवड्यांहून कमी नाही. 72 दिवसांचा तो कोष लक्षात ठेवून अनेक जाणते 76 दिवस थांबतात. क्वारंटाइन हा शब्दच व्हेनिसच्या बंदरात जहाजांना थांबवून ठेवण्याच्या चाळीस दिवसांवरून आला आहे, तेव्हा सहा आठवडे ही फार मोठी मागणी मानू नये. तांब्याचा काळ संपला की कार्बनने तांबं काढून घ्यावं, साध्या खाऱ्या पाण्यात मासे उरलेले दिवस बघावेत आणि मगच परत न्यावेत. टब, पाइप, जाळी धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवली की कोष मरतात. तांब्यातला स्पंज परत मुख्य टाकीत जाता कामा नये, तो फेकून द्यावा.

टब, मीठ, हीटर हे सगळं आजाराच्या दिवशीही पुण्यात दोन तासांत जमवता येतं. मुरलेला स्पंज विकत मिळत नाही. तेव्हा हे पान मिटण्याआधी एक नवा स्पंज फिल्टर मुख्य टाकीच्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या पेटीत, टाकून ठेवा. त्याच्यावर पुरेसे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात.